जुन्या फौजी विमानात बसायला निघताना

माझा धंदा इंजिनांचा. जालन्यात मोंढ्याच्या मागच्या अंगाला छोटं वर्कशॉप आहे. विहिरीवरची किर्लोस्कर, रॉकेलवर चालणारे जुने पंप, एके काळी लुना आणि राजदूत, सगळं हाताखालून गेलंय. लेक आणि जावई केंब्रिजला असतात. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा जवळच्याच डक्सफर्डला टायगर मॉथ नावाच्या जुन्या फौजी विमानात बसून वीस मिनिटं फिरून आलो. फोटो गावाकडच्या ग्रुपवर गेला आणि तेव्हापासून फोन सुरू आहेत. अंबडहून, परतूरहून, एक तर थेट उमरग्याहून. प्रत्येकाची मुलं बाहेरदेशी आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "काका, ते विमानाचं कसं जमवलंत?" तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतो.

सुरुवातीलाच एक खुलासा. हे आपल्याकडे होत नाही. भारतीय हवाई दलाकडे जुन्या विमानांची वेगळी तुकडी आहे, तिला व्हिंटेज फ्लाइट म्हणतात. तिच्यात टायगर मॉथ आहे, हार्वर्ड आहे आणि 'परशुराम' नावाचं डकोटा आहे. हे डकोटा इंग्लंडमध्ये नीट करून २०१८ साली हवाई दलात आलं. त्याच्या अंगावरचा व्हीपी ९०५ हा आकडा २७ ऑक्टोबर १९४७ला आपले सैनिक घेऊन श्रीनगरला सगळ्यात आधी उतरलेल्या डकोटाचा. ८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनाला ही विमानं आकाशात दिसतात, पण तिकीट काढून त्यांत बसता येत नाही. बसायचं असेल तर इंग्लंड, अमेरिका, न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलिया गाठावं लागतं. म्हणजे हे काम करायचं तर मुलांकडे जाण्याच्या निमित्तानेच. नुसत्या यासाठी विमानाचं तिकीट आणि व्हिसा करणाऱ्याला मी अडवणार नाही, पण हिशेब त्याने आपला आपण करावा.

कोणतं विमान

इथेच बहुतेक जण घसरतात. सगळ्यांना स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं लढाऊ विमान, हवं असतं. नाव मोठं, सिनेमात पाहिलेलं, आवाज ऐकलेला. स्पिटफायर ५ मार्च १९३६ला पहिल्यांदा उडालं, एकूण वीस हजारांवर बनली. पण ते मुळात एका माणसाचं विमान. आज ज्यांत प्रवासी बसवतात ती मागे दुसरी जागा काढलेली विमानं, आणि ती जगात मोजकीच आहेत. लंडनजवळ बिगिन हिलला, दक्षिणेकडे चिचेस्टरजवळच्या गुडवुडला आणि डक्सफर्डला ती मिळतात. अर्ध्या तासाच्या फेरीचा दर तीन हजार पौंडांच्या घरात जातो. रुपयांत तीन लाखांच्या पुढे. आपल्याकडे एवढ्यात चालू अवस्थेतला जुना ट्रॅक्टर दारात उभा राहतो.

तरीही मराठवाड्याच्या माणसाला स्पिटफायर पाहून आत काही तरी हलायला हवं, त्याला कारण आहे. १९४० साली जर्मन विमानांशी झालेल्या लढाईत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेल नावाच्या तळावरून स्पिटफायर उडवणाऱ्या एका तुकडीचं नाव होतं १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन. हे नाव पडलं निजामाच्या देणगीवरून. तिच्या चिन्हावर निजामाची पगडी आणि ब्रीदवाक्याचा अर्थ 'विश्वासू मित्र'. त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, ११० नंबरच्या तुकडीला निजामाने डीएच ९ए विमानं दिली होती आणि प्रत्येकावर त्याच्या नावाचा मजकूर रंगवलेला होता. त्या काळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे आपले पाचही जिल्हे निजामाच्या राज्यात. आमचे आजोबा निजामाच्या हाली रुपयांत शेतसारा भरायचे. त्यातला एखादा आणा एखाद्या रिव्हेटपर्यंत पोचला असेल की नाही कुणास ठाऊक, पण डक्सफर्डच्या हँगरात स्पिटफायरच्या पंखाखाली उभं राहून मी जावईबापूंना म्हणालो, "याच्यात आपलाही वाटा आहे हो." ते हसले. मी अर्धा गंभीर होतो. पुढे आठ वर्षांनी, सप्टेंबर १९४८मध्ये, त्याच निजामाच्या मुलखावर भारताची टेंपेस्ट विमानं आली. तो वेगळा विषय.

तर सल्ला असा. पहिल्या खेपेला टायगर मॉथ घ्या. २६ ऑक्टोबर १९३१ला पहिलं उडालं, आठ हजारांवर बनली, आणि ब्रिटिश साम्राज्यातले हजारो वैमानिक, आपलेसुद्धा, यावरच शिकले. एकावर एक दोन लाकडी पंख, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, वर कापड, डोक्यावर छप्पर नाही. काही शे पौंडांत छोटी फेरी होते. वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे समृद्धी महामार्गावर गाडी पळवल्यासारखा, फक्त काच नसलेल्या गाडीतून आणि तीनशे मीटर वरून. खालची मेंढरं मोजता येतात. स्पिटफायरमध्ये आवाज आणि ताकद भरपूर, पण पहिल्यांदा बसणाऱ्याचा अर्धा वेळ पोट सांभाळण्यातच जातो.

अमेरिकेत मुलं असतील तर मोठ्या बाँबर विमानांचा पर्याय आहे. बी-२९ जातीची दोनच विमानं जगात उडण्याजोगी उरली आहेत, 'फिफी' आणि 'डॉक', आणि दोन्ही गावोगाव फिरून तिकिटावर लोकांना नेतात. एकाच वेळी बरेच जण बसत असल्याने माणशी दर लढाऊ विमानापेक्षा कमी पडतो. बोईंग स्टियरमन हे तिकडचं टायगर मॉथ, ते तर ठिकठिकाणी मिळतं.

घरातल्या एखाद्याला स्पिटफायरची हौस असेल आणि खिसा नको म्हणत असेल, तर मधला मार्ग आहे. दुसऱ्या साध्या विमानात बसायचं आणि शेजारून स्पिटफायर उडत येतं. आमच्या सौ.ना मी हेच सुचवलं. त्या म्हणाल्या, मी खाली गवतावर चहा घेते, तुम्ही जाऊन या.

सहीच्या आधी

आता मिस्त्री म्हणून बोलतो, आणि हा भाग जरा लांबेल.

इंडिगोच्या विमानात बसताना तुम्ही काही वाचत नाही, कारण ते विमान प्रवासी नेण्यासाठीच तपासून मंजूर झालेलं असतं. जुनं लढाऊ विमान तसं नसतं. स्पिटफायरसारख्या विमानांना इंग्लंडमध्ये 'परमिट टू फ्लाय' नावाचा वेगळा परवाना असतो, आणि पैसे घेऊन त्यांत माणूस बसवायचा तर तिथल्या नागरी उड्डाण खात्याचा नियम आहे की धोका आधी स्पष्ट सांगायचा आणि माणसाची लेखी संमती घ्यायची. म्हणजे तुमच्यापुढे कागद येतो. त्यात सरळ लिहिलेलं असतं की हे विमान नेहमीच्या प्रवासी विमानाच्या सुरक्षेच्या पातळीवर नाही. बरेच जण हा कागद मोबाईलच्या सॉफ्टवेअरसारखा खाली ढकलून सही करतात. तसं करू नका. लेकीला शेजारी बसवा आणि ओळ न् ओळ वाचून घ्या.

मी हे का सांगतो? २ ऑक्टोबर २०१९ला अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात ब्रॅडली विमानतळावर बी-१७ जातीचं एक जुनं बाँबर प्रवासी घेऊन उडालं, थोड्याच वेळात इंजिन बिघडलं म्हणून परत वळलं आणि उतरताना कोसळलं. तेरा जणांपैकी सात गेले. चौकशीत वैमानिकाच्या हाताळणीतल्या चुका निघाल्या, त्यासोबत देखभालीतला ढिसाळपणाही. एका इंजिनाच्या मॅग्नेटोत, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागात, बिघाड, दुसऱ्याचे प्लग झिजलेले आणि त्यांचं अंतर बिघडलेलं. मी तो अहवाल लेकीकडून समजून घेतला तेव्हा अंगावर काटा आला. प्लगचं अंतर! लुनावाला पोरगा गाडी घेऊन आला की आपण सगळ्यात आधी तेच बघतो. त्याच्या आदल्या वर्षी, ४ ऑगस्ट २०१८ला, स्वित्झर्लंडच्या डोंगरात युंकर्स ५२ जातीचं जुनं विमान पडलं, वीसच्या वीस माणसं गेली. तिथे तपासात वैमानिकांनी अरुंद दरीत घेतलेला नसता धोका पुढे आला.

हे घाबरवायला सांगत नाही. मी स्वतः बसलोच ना. पण या दोन प्रसंगांतून काय विचारायचं ते कळतं. हा वैमानिक याच जातीचं विमान या मोसमात किती उडवतोय? विमानाची मोठी तपासणी शेवटी कधी झाली? टायगर मॉथसारखं विमान असेल तर ते साध्या प्रवासी परवान्यावर चालतं की संमतीच्या कागदावर? असे प्रश्न विचारल्याचा चांगल्या लोकांना राग येत नाही, उलट ते खुलतात. मी डक्सफर्डला तिथल्या मेकॅनिकला मॅग्नेटोबद्दल विचारलं, तर तो हातातलं काम टाकून पंधरा मिनिटं बोलत बसला. इंग्रजी निम्मं कळलं, बाकीचं हाताच्या खुणांनी. मिस्त्री मिस्त्रीला सगळीकडे कळतो.

विम्याचंही इथेच बघा. आपण इथून जाताना जी प्रवास विम्याची पॉलिसी घेतो, तिच्यात बहुधा लिहिलेलं असतं की नेहमीच्या विमान कंपनीच्या तिकिटावर प्रवास करत असाल तरच हवाई अपघाताचं संरक्षण. जुन्या विमानातली हौस त्यात बसत नाही. एजंटला फोनवर विचारून उपयोग नाही, तो "हो काका, सगळं आहे" म्हणतो. लेखी विचारा.

तारीख आणि वारा

मे ते सप्टेंबर हे इंग्लंडमधले महिने. दिवस मोठा, हवा त्यातल्या त्यात बरी. बुकिंग लेकीकडून ऑनलाइन करून घ्या, आणि त्याच वेळी वजन-उंची खरी सांगा. प्रत्येक विमानाची मर्यादा ठरलेली असते आणि त्या दिवशी काट्यावर उभं करतात. आपल्याकडे लग्नात जेवण वाढताना जसं "दोनच पुऱ्या घेतल्या" म्हणतो, तसं वजन सांगू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, तारीख मुक्कामाच्या सुरुवातीला घ्या. टायगर मॉथला वारा सोसत नाही. धावपट्टीला आडवा वारा आला, ढग खाली आले की उड्डाण रद्द. माझं पहिलं बुकिंग असंच गेलं. सकाळी ऊन, आकाश निळं, आणि फोन आला की वारा जास्त आहे. मला वाटलं, ही काय टाळाटाळ. बाहेर येऊन पाहिलं तर शेजाऱ्यांच्या दोरीवरचे कपडे आडवे झालेले. पैसे बुडत नाहीत, दुसरी तारीख मिळते. पण तुमचं परतीचं विमान परवा असेल तर दुसरी तारीख घेऊन काय करणार? मी तिथे पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यातली तारीख घेतली होती, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा जाता आलं. शेवटच्या आठवड्यात ठेवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना हात हलवत सेलूला परत यावं लागलं.

पोचायला सोपं आहे. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून केंब्रिजच्या गाडीत बसलं की व्हिटल्सफर्ड पार्कवे स्टेशन लागतं, तिथून डक्सफर्ड जवळ. तळावर इंपिरियल वॉर म्युझियम आहे, त्याचं वेगळं तिकीट असतं आणि एक दिवस पुरत नाही. रॉयल एअर फोर्सला पहिली स्पिटफायर मिळाली ती १९३८ साली याच तळावरच्या तुकडीला.

अंग आणि कपडे

गुडघे. बाकी सगळं नंतर. टायगर मॉथच्या पुढच्या खोबणीत बसायचं तर आधी खालच्या पंखावर पाय द्यायचा, मग काठावरून आत उतरायचं. घरी एक परीक्षा घ्या. पाटावर बसा आणि कशालाही न धरता उठा. जमत नसेल तर बुकिंग करताना सांगा, ते शिडी आणतात, आधार देतात. हृदयाचं दुखणं, बीपी, नुकतंच झालेलं पाठीचं किंवा डोळ्यांचं ऑपरेशन, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर तारीख पुढे ढकला, वर गेल्यावर कान असे दुखतात की बाकी काही आठवत नाही.

मळमळीची परीक्षाही इथेच होते. माळेगावच्या यात्रेतल्या आकाशपाळण्यात बसून खाली उतरल्यावर तुम्ही जिलेबी खाऊ शकत असाल, तर काही काळजी नाही. नसाल, तर वैमानिकाला आधीच सांगा की कसरती नकोत, सरळ फिरवून आण. उपाशीपोटी जाऊ नका, पण भरल्या पोटीही नको. मी लेकीकडून दोन इडल्या खाऊन गेलो होतो, तेवढ्या पुरल्या.

कपड्यांत साडी, धोतर, ओढणी, उपरणं, काहीही लोंबणारं नको. पॅंट, सलवार, अंगाला लागून असलेलं. वर कितीही ऊन असलं तरी स्वेटर घाला, कारण वाऱ्याच्या झोतात उघड्यावर बसायचंय. चामडी जॅकेट, टोपडं आणि गॉगल तेच देतात. चप्पल नाही, बूट हवेत, सपाट तळाचे, लेस घट्ट बांधलेले.

आता खिशाबद्दल. विमानात चढण्याआधी मला विचारलं, खिसे रिकामे केले का? मी हो म्हणालो. त्या माणसाने तरी चाचपून पाहिलं आणि शर्टाच्या खिशातून माझी चुन्याची डबी काढली. उघडून वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. मला समजावून सांगावं लागलं. पण त्याचं बरोबर होतं. खोबणीच्या तळाशी दांड्या आणि तारा उघड्या असतात. नाणं, किल्ली, मोबाईल, डबी, काहीही खाली घरंगळलं आणि एखाद्या दांडीत अडकलं की स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, वळत नाही. मोबाईल न्यायचाच तर मनगटाला दोरीने बांधून. मी नेलाच नाही. त्यांचे कॅमेरे पंखाला लावलेले असतात, फोटो मागाहून विकत मिळतात, महाग पडतात पण घ्या.

प्रत्यक्षात

पंखाच्या मुळाशी काळी पट्टी असते, पाय फक्त तिच्यावर. बाकी सगळीकडे कापड आहे. तिथे पाय पडला की आरपार, आणि मग तुमच्या नावाची चर्चा त्या तळावर पुढची दहा वर्षं.

प्रवासी पुढे बसतो, वैमानिक मागे. आपल्याला वाटतं पुढे बसणारा चालवतो, इथे उलटं. चार पट्टे खांद्यावरून आणि कमरेवरून येऊन छातीपाशी एकत्र अडकतात. ते कसून आवळतात, श्वास घेता येईल एवढीच जागा. बोलायला कानाशी हेडसेट असतो. एके काळी रबरी नळीतून बोलायचे, नुसता आवाज जायचा.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांसाठी: तीन वाक्यं पुरतात. वैमानिक म्हणेल "यू हॅव कंट्रोल", तेव्हा स्टिक धरायची आणि मोठ्याने उत्तर द्यायचं, "आय हॅव कंट्रोल." तो "आय हॅव कंट्रोल" म्हणाला की हात लगेच सोडायचा, आणि "यू हॅव कंट्रोल" म्हणायचं. यात लाज नाही, गोंधळही नाही. दोघांनीही धरलं किंवा दोघांनीही सोडलं, की विमान कुणाचंच राहत नाही. तिसरं वाक्य "आय ॲम नॉट वेल". अंगठा वर म्हणजे ठीक, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

मग इंजिन सुरू होतं, आणि या एका मिनिटासाठी मी पुन्हा पैसे देईन.

जिप्सी मेजर, चार सिलिंडर, एकशे तीस अश्वशक्ती, हवेवर थंड होणारं आणि उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडर खाली, क्रँक वर. सेल्फ नाही. एक माणूस पुढे पंख्यापाशी उभा राहतो, मागे वैमानिक, आणि दोघांत आवाजाचा व्यवहार होतो. "स्विचेस ऑफ?" "स्विचेस ऑफ." मग तो पंखा हाताने चारदा फिरवतो, सिलिंडरात पेट्रोल ओढून घेतो. पुन्हा उभा राहतो, पाय रोवतो, आणि ओरडतो, "कॉन्टॅक्ट!" मागून उत्तर येतं, "कॉन्टॅक्ट!" एक झटका. मॅग्नेटोला स्प्रिंगचं खटकं असतं, ते सुटल्याचा 'टक्' असा आवाज मला पुढच्या सीटवर स्पष्ट ऐकू आला. पंखा हळू फिरत असतानाही ठिणगी जोरात आणि वेळेवर पडावी म्हणून ते खटकं. आणि मग फट, फट, फटफटफट. निळसर धूर, जळक्या तेलाचा वास, आणि सगळा सांगाडा असा थरथरतो की पावसाळ्यानंतर विहिरीवरचं इंजिन हँडल मारून पहिल्यांदा पेटतं तसा. मी मोठ्याने हसलो. मागून वैमानिकाने विचारलं, "ऑल राइट?" मी अंगठा वर केला.

पेट्रोलची टाकी तुमच्या डोक्यावर, वरच्या पंखाच्या मधोमध. एकोणीस गॅलन, म्हणजे साधारण शहाऐंशी लिटर. पेट्रोल वरून खाली आपसूक येतं, पंप नाही. टाकीवर काचेच्या नळीत एक तरंगणारं बोंड असतं, तोच काटा. याहून साधी रचना मी कोणत्याच वाहनात पाहिली नाही.

गवतावर निघाल्यावर विमान नागमोडी जातं, म्हणून घाबरू नका. नाक वर असतं, समोरचं दिसत नाही, म्हणून वैमानिक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळून बघत जातो. ब्रेक नाहीत. मागे चाकाऐवजी लोखंडी खूर आहे, तो गवतात घासत जातो, तोच ब्रेक. तोंड वाऱ्याकडे केलं, थ्रॉटल उघडलं, शेपटी वर आली, आणि मग गचके थांबले एवढंच कळलं. उडालो तो क्षण वेगळा असा जाणवलाच नाही.

वर गेल्यावर पहिली पाच मिनिटं काहीही करू नका. डोकं जरा कडेला काढलं की वारा थोबाडीत मारतो, तेव्हा छोट्या काचेच्या मागेच राहा. खाली बघा. केंब्रिजच्या आजूबाजूला शेतं आहेत, मोठी, सपाट, गव्हाची आणि पिवळ्या मोहरीची. आपल्यासारखे बांध नाहीत, विहिरी नाहीत. स्टिक हाती आली तेव्हा मी घट्ट आवळली आणि विमान डुलायला लागलं. वैमानिक म्हणाला, दोन बोटांनी धर. नवशिक्या पोराला ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगबद्दल आपण तेच सांगतो. दोन बोटांनी धरलं तर ते आपलं आपण सरळ गेलं. वळवताना नुसती स्टिक कलवून भागत नाही, पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणूही, द्यावा लागतो, पण पायांचं काम तुम्ही वैमानिकावरच सोडा.

स्पिटफायर घेतलेल्यांसाठी दोन गोष्टी. तिथे प्रवासी मागे बसतो, पॅराशूट अंगावर चढवतात आणि आणीबाणीत बाहेर कसं पडायचं ते आधी शिकवतात. ते शिकवताना मोबाईल बघू नका. दुसरं, मर्लिन इंजिन बारा सिलिंडरचं, सत्तावीस लिटरचं, पाण्यावर थंड होणारं. ते जमिनीवर फार वेळ चालत उभं ठेवलं तर तापतं, म्हणून इंजिन सुरू झालं की सगळी घाई असते. तुमचे पट्टे, टोपी, चष्मा हे सगळं त्याआधी नीट करून घ्या. वळताना अंगावर दाब येतो, डोकं जड होतं, नजर आखडल्यासारखी वाटते. पोटऱ्या आणि पोट आवळून धरा, श्वास रोखू नका. नको वाटलं तर लगेच सांगा. तो विमान सरळ करतो, पैसे मात्र परत देत नाही.

उतरल्यावर

पंखा पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही आणि पुढे तर अजिबात जायचं नाही. फिरणारा पंखा दिसत नाही. स्विच बंद असला तरी मॅग्नेटोची वायर सुटलेली असेल तर नुसत्या धक्क्यानेही इंजिन एखादा फेरा मारू शकतं, म्हणून थांबलेल्या पंख्यालाही हात लावायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. तुम्हाला उतरवायला माणूस येतो, त्याची वाट बघा.

खाली आल्यावर पाय थोडे लटपटतात. पाचेक मिनिटं बसा, पाणी प्या. लगेच गाडी चालवायला घेऊ नका, जावईबापूंना चालवू द्या. गॉगलवर तेलाचे बारीक थेंब दिसतील, जॅकेट परत करताना ते पुसायला लागू नका, तिथल्या लोकांना त्याची सवय आहे. स्वेटरवर पडलेले मात्र तुमचे. रॉकेलने निघत नाहीत, मी घरी येऊन करून पाहिलं. आणि चुन्याची डबी मागून घ्यायला विसरू नका, माझी तिथेच राहिली.